थकलेल्या आई-वडिलांनी राहावे कोठे?



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला म्हणजे बेणे, खतांचे हप्ते, हुमणी नाहीतर खोडव्याची निगा यांपैकीच काहीतरी असणार, असे आपण धरून चालता. या वेळी विषय निराळा आहे. लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही आणि आमचे गटातील कर्मचारी वाडी-वस्तीवर फिरतो, तेव्हा सात-बारा बघतो आणि तो ज्यांच्या नावावर आहे ती माणसेही बघतो. अलीकडे एक गोष्ट फार ठळक दिसू लागली आहे. नोंद वडिलांच्या नावाची, शेअर आईच्या नावाचा, आणि मुलगा पिंपरी-चिंचवडला, नाहीतर मुंबईला, नाहीतर थेट परदेशात. वस्तीवर दोन म्हातारी माणसे, कोठे एकटी आजी, एक म्हैस आणि राखणीला कुत्रे.

नोंदीचा कागद पुरा झाला की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतो. "साहेब, पोरं म्हणत्यात आता हितं राहू नका. काय करावं?" मुलगा भेटला तर तोच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. "आई ऐकतच नाही, तुम्ही तरी सांगा." यात कोणाची बाजू घेणे हे आमचे काम नाही. पण बऱ्याच घरांत हा प्रश्न कसा सुटतो आणि कसा बिघडतो, हे बघण्यात येते. तेच आपल्यापुढे मांडतो.

हा प्रश्न घरोघरचा आहे

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षे व त्यापुढील माणसे १० कोटी ३८ लाख होती. आपल्या महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे शंभरात दहाच्या आसपास होती. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आले आहे. माणसे जास्त जगू लागली ही चांगलीच गोष्ट झाली. दुसरीकडे उसाच्या पैशातून गावोगाव शाळा-कॉलेजे निघाली, पोरे शिकली आणि शिकली म्हणून बाहेर गेली. आपणच घाम गाळून त्यांना बाहेर धाडले. तेव्हा आईबाप मळ्यात एकटे राहिले यात दर वेळी पोराचाच दोष असतो असे नाही. "पोरानं टाकलं" हे पारावर बसून बोलायला सोपे आहे. त्याने म्हातारीचा रात्रीचा प्रश्न सुटत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. हा निर्णय बहुतेक घरांत सगळ्यांत वाईट दिवशी घेतला जातो. म्हातारे माणूस न्हाणीत घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते, दवाखान्यात भरती होते, आणि मग खाटेशेजारी उभे राहून भाऊ-भाऊ ठरवतात की आता ठेवायचे कोणी. ज्याच्याबद्दल ठरते ते माणूस औषधाच्या गुंगीत असते. त्याला कोणी विचारीत नाही. पाऊस उंबऱ्याशी आल्यावर चर खोदायला निघण्यासारखेच हे आहे. हातपाय चालते आहेत, डोके शाबूत आहे, तेव्हाच ही बोलणी झाली पाहिजेत.

आधी बघा, काय जमते आणि काय जमत नाही

ऊस पिवळा पडला तर आम्ही आधी सरीत उतरतो. नत्र कमी आहे, लोह कमी आहे, की पाणी साचले आहे, हे बघतो. कारण न बघता युरियाचे पोते मोकळे करीत नाही. इथेही तसेच करावे. "कोठे राहायचे" हा प्रश्न मागून घ्यावा. आधी दिवसभरातले कोणते काम जमत नाही, हे बघावे.

यासाठी डॉक्टर लोक एक साधी यादी वापरतात. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६३ साली प्रसिद्ध केली. त्यात सहाच गोष्टी आहेत : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे. पुढे १९६९ साली लॉटन व ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात फोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरातील झाडलोट, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा व्यवहार अशा आठ गोष्टी येतात.

म्हातारपणी साधारणपणे दुसऱ्या यादीतली कामे आधी सुटतात आणि पहिलीतली मागून. आता आपल्या घरचे माणूस डोळ्यांपुढे आणा. आजींना बाजाराला जाता येत नाही, रक्तदाबाची गोळी विसरते, बँकेतला फॉर्म भरता येत नाही; पण आंघोळ, जेवण, चालणे-फिरणे सारे स्वतःचे स्वतः होते. अशा माणसाला घर सोडायला लावण्याचे काही कारण नाही. जे काम जमत नाही तेवढ्यापुरती मदत घरी आणता येते. पण रात्री उठवून संडासला न्यावे लागते, किंवा चूल पेटवून विसरते, किंवा ओळखीच्या बांधावर वाट चुकते, अशी वेळ आली तर चोवीस तास जवळ माणूस पाहिजे. ते माणूस वस्तीवर मिळते का, हा मग खरा प्रश्न. नुसत्या मायेने तो सुटत नाही.

आणखी एक सांगतो. काही अडचणी म्हातारपणाच्या वाटतात, पण त्यांवर इलाज असतो. मोतीबिंदू काढला, कानाला यंत्र बसवले, एखादी गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, तर "आता एकटं राहवत नाही" म्हणणारे माणूस पुन्हा बांधावर फिरू लागते. म्हणून आधी एकदा नीट तपासणी करून घ्यावी.

तीन वाटा, तिन्हींत खाचखळगे

पहिली वाट म्हणजे आपल्या घरीच राहणे. इथे ओसरी आहे, देऊळ आहे, हाक मारली तर ओ देणारी माणसे आहेत. शेंगा फोडण्यापासून वासराला चारा टाकण्यापर्यंत हाताला काम आहे, आणि हाताला काम असले की माणूस टिकते. पण मळ्यातली वस्ती गावापासून लांब, पावसाळ्यात वाट चिखलाची, मोटारीची वीज बऱ्याचदा रात्रीची. कराड-शिराळ्यापासून जुन्नर-शिरूरपर्यंत उसाच्या फडात बिबट्याचा वावर आहे, हेही आपण जाणता. यात एक मधली वाट पुष्कळांना सुचत नाही. मळा सोडावा, पण गाव सोडू नये. गावठाणातले जुने घर दुरुस्त करून घ्यावे आणि ऊस वाट्याने द्यावा. घरी राहायचे तर संडास-न्हाणी घरालगत असावी, फरशी घसरडी नसावी, भिंतीला धरायला पक्का लोखंडी बार असावा, खाटेपासून संडासापर्यंत रात्री दिवा असावा. सगळा खर्च एका खेपेच्या ऊसबिलातही बसेल, पण बरेच अपघात त्याने टळतात. १०८ नंबरची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर मोफत आहे. तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. "आम्ही आईला घरीच ठेवली" असे कारभारी छाती पुढे करून सांगतात, तेव्हा ठेवणारी बहुतेक वेळा घरची सून असते. भांगलण, धारा, स्वयंपाक आणि वर म्हातारीचे दुखणे. तिला विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. तिला आठवड्यातून एक दिवस तरी सुटका मिळेल अशी सोय आधी करावी.

दुसरी वाट म्हणजे शहरात मुलाकडे किंवा लेकीकडे जाणे. डॉक्टर जवळ, संडास घरात, नातवंडे समोर. पण मुलगा-सून दोघे नोकरीला, नातू शाळेला, आणि सकाळी ९ पासून संध्याकाळी ७ पर्यंत म्हातारे माणूस बंद दाराआड. लिफ्ट चालवता येत नाही म्हणून खाली उतरणे नाही. बोलायला कोणी नाही. जिने जन्मभर चार एकरांचा कारभार पाहिला, तिला भाजीसाठीसुद्धा सुनेकडे पैसे मागावे लागतात. शहरात नेणार असाल तर निदान खालच्या मजल्याची जागा, जवळ देऊळ किंवा बाग, आणि हातात स्वतःचे पैसे, एवढे तरी बघा.

तिसरी वाट वृद्धाश्रमाची. या शब्दालाच आपण बिचकतो. पण तेथेही प्रकार आहेत. काही आश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात आणि माणूस अंथरुणाला खिळले की परत न्यायला सांगतात. काही ठिकाणी परिचारिका असतात आणि अंथरुणावरच्या माणसाचीही शुश्रूषा होते. पुण्याच्या आसपास तर ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती झाल्या आहेत. स्वतःची खोली, खाणावळ, हाकेसरशी मदत. खर्च अर्थात त्या मानाने. राज्य सरकारने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली. २००७ च्या केंद्रीय कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० माणसांच्या सोयीचा एक तरी वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. जागा बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकावर जाऊ नका. रात्री किती माणसे कामावर असतात? आजारी पडल्यास काय करता? अनामत परत मिळते का, किती दिवसांत? भेटायला केव्हाही येता येते का? हे विचारा आणि लेखी घ्या. जेवणाच्या वेळी न सांगता जा, म्हणजे ताटात काय पडते ते दिसेल.

दोन घरे

नावे न घेता दोन घरांची हकिगत सांगतो.

एका गटातील आजी, वय ७४, अडीच एकर ऊस. दोन मुले शहरात, लेक शेजारच्या तालुक्यात. मुलांचे म्हणणे एकच, "आई, चल." आजींचे म्हणणे, "मी हितंच मरणार." दोन वर्षे हीच ओढाताण. शेवटी लेकीने तोड काढली. दिवाळी ते संक्रांत आईने थोरल्याकडे राहून बघावे. घराला कुलूप, पण म्हैस विकायची नाही, शेजाऱ्याकडे ठेवायची. आजी राहिल्या. परत आल्यावर सांगितले, "नातवंडांत जीव रमला, पण दुपार जाता जाईना." मग सगळे बसले आणि काय जमत नाही त्याची यादी केली. रात्रीची भीती, गोळ्या आणि बँक, एवढेच निघाले. आजी मळ्यातून गावातल्या घरी आल्या. रात्री झोपायला पुतणी येते. गोळ्यांची सात खणांची डबी लेक दर रविवारी भरून जाते. पावसाळ्याचे दोन महिने आजी मुलाकडे जातात. आणि आजींनी स्वतःच अट घातली आहे : "माझं मला संडासला जाता येईना झालं, की मला न्या. तवा मी न्हाई म्हणणार न्हाई." ही अट त्यांच्या तोंडून आली, म्हणून ती वेळ आली तरी घरात भांडण होणार नाही.

दुसऱ्या घरी उलट झाले. नवऱ्याला अर्धांगवायू, बायकोची सत्तरी उलटलेली. त्यांना उचलता उचलता तिची कंबर गेली. मुलगा परदेशातून पैसे पाठवी, पण वस्तीवर रात्रपाळीला राहणारी बाई काही मिळेना. अखेर तिनेच तालुक्याच्या गावाजवळ परिचारिका असलेले एक ठिकाण शोधले आणि दोघे तेथे राहायला गेले. गावात व्हायची ती चर्चा झाली. त्यांच्या नोंदीच्या कामानिमित्त आम्ही तेथे गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी माझा सगळा दिवस ह्यांना उचलण्यात जायचा. आता शेजारी बसून बोलायला तरी मिळतं." यावर गावाने काय बोलावे?

एक घरी राहिली, दुसरी घर सोडून गेली. आमच्या मते दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण ज्याचे त्याने घेतले.

स्वतः ठरवण्याची ताकद

याला शास्त्राचाही थोडा आधार आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगितले की आपल्या खोलीची मांडणी, आपला दिवस, तुम्हीच ठरवा. आणि प्रत्येकाला एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर सांगितले की आमचे कर्मचारी तुमची सगळी काळजी घेतील. रोपे दिली, पण पाणी कर्मचारी घालीत. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त उल्हासित आणि चपळ दिसली. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे सिद्धान्त काढू नयेत. पण एका रोपाला पाणी घालण्याचा अधिकारही माणसाला उभारी देतो, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको.

सात-बारा घाईने बदलू नका

आता थोडे कागदाचे. "आता तुम्ही आमच्याकडेच राहणार, मग जमीन नावावर करून द्या," अशी बोलणी निघतात. काही वडील बक्षीसपत्रावर सही करतात आणि पुढच्या हंगामात आपण वाढवलेल्या उसाच्या पैशासाठी मुलापुढे हात पसरतात. हे आम्ही गट ऑफिसच्या बाकावर पाहिलेले आहे.

राहण्याचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न वेगळा ठेवावा. आपल्या पश्चात काय व्हावे ते मृत्युपत्रात लिहिता येते. ते मरणानंतर लागू होते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र तसे सहज परत घेता येत नाही. तरीही ते करायचेच असेल, तर "हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात स्पष्ट घालून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्याबाबतच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ असे सांगते की, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत घेऊन सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. अट लिहिलेली असणे किती महत्त्वाचे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातूनही दिसून आले. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे पोटगीचा अर्ज करता येतो आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. जबाबदारी मुलाइतकीच मुलीवर आणि सज्ञान नातवंडांवरही आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. मग आईच्या बोलण्याला तिला का बोलावू नये?

ऊसबिल ज्यांच्या नावाचे त्यांच्याच खात्यावर जाऊ द्या. सभासद साखर त्यांच्याच हाती पडू द्या. रक्कम किती हा मुद्दा नाही. "माझ्या उसाचे पैसे आले" असे म्हणता येणे हा आहे.

सवलतींचीही माहिती असावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन मोफत उपचार मिळण्याची सोय झाली आहे. दवाखाना योजनेतला पाहिजे आणि कार्ड आधी काढलेले बरे. एस.टी.त ७५ वर्षांपुढील माणसांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळू लागला. तेव्हा शहरात राहून बघायला आणि न पटल्यास परत यायला गाडीभाड्याची अडचण नको. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा फोन नंबरही आहे.

बोलणी कशी करावी

शेवटी थोडक्यात. दिवाळी-जत्रेला सगळी भावंडे जमतात तेव्हा बसा. सुना, लेकी, जावई सगळ्यांना घ्या. पहिले बोलणे म्हाताऱ्या माणसाचे असू द्या आणि मध्ये तोडू नका. त्यांना भीती कशाची वाटते ते विचारा. बऱ्याचदा ती पडण्याची नसते, ओझे होण्याची असते. जमते आणि न जमते याची यादी करा. कोण पैसे देणार, कोण वेळ देणार, हे नावानिशी ठरवा. जोडीदार नुकताच गेला असेल तर घर मोडण्याची घाई करू नका. दोन महिने राहून बघण्याची मुभा ठेवा, आणि परतीचे दार, म्हणजे घर आणि चूल, शाबूत ठेवा. कोणत्या वेळी निर्णय बदलायचा, तेही आजच बोलून ठेवा. उसाची नोंद आपण दरवर्षी नव्याने करतो, त्याच सुमारास ही यादीही काढून पाहावी.

आणि या लेखाचे वाचक असलेल्या वडीलधाऱ्या सभासदांना एक नम्र विनंती. पोरांनी विचारण्याची वाट बघू नका. तुम्हाला कसे राहायचे आहे, ते तुम्हीच आधी त्यांना सांगा. जन्मभर लागण कधी, तोड कधी, हे तुम्हीच ठरवत आलात. हेही तुम्हीच ठरवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी